न मोजलेला आकडा

माझ्या हातून जे काही बरं काम झालं, त्याचं श्रेय मी एस्तरअक्कांना देतो. त्या डॉक्टर नव्हत्या आणि त्यांनी मला वर्गात बसवून काही शिकवलं नाही. गुलबर्ग्याच्या ज्या रुग्णालयात माझी नोकरी झाली, तिथल्या अतिदक्षता विभागाच्या त्या मुख्य परिचारिका. हुमनाबादकडच्या ख्रिस्ती घरातल्या. मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषा त्यांना येत, आणि तिन्ही भाषांत त्या सारख्याच कमी बोलत.

मी हुमनाबादजवळच्या निर्णा गावचा. वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. धम्म स्वीकारल्यावर त्यांनी घरात एकच गोष्ट ठरवली, ती म्हणजे पोरगा शाळा सोडणार नाही. त्याप्रमाणे हुमनाबादेत शाळा झाली, गुलबर्ग्यात बी.एस्सी. झालं, आणि हैदराबादेत क्ष-किरण तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम केला. घरातला पहिला पदवीधर म्हणून गावात माझं कौतुक होई. रुग्णालयात मात्र मी ‘एक्सरेवाला’ होतो. निवृत्तीपर्यंत तेच राहिलो, आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे सोनोग्राफीचं यंत्र आलं. ते आलं प्रसूती विभागासाठी. चार चाकांवर ठेवलेलं, कपाटाएवढं जड, वर लहानसा पडदा. हातात धरायचा भाग एका वायरीला जोडलेला. त्याला आम्ही ‘दांडी’ म्हणायचो. त्यातून आवाजाच्या लाटा निघतात. त्या आपल्याला ऐकू येत नाहीत. शरीरात जाऊन त्या परत येतात आणि पडद्यावर करडं चित्र उमटतं. पाणी असेल तिथे काळं दिसतं. पोटातलं मूल पाण्यात असतं, म्हणून ते चांगलं दिसतं. हाडातून मात्र लाट नीट पार जात नाही. त्यामुळे मोठ्या माणसाच्या डोक्यावर हे यंत्र लावून उपयोग नसे.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याची टाळू भरलेली नसते, तिथून मेंदूत डोकावता येतं. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांत रोज थोडं पाणी तयार होतं, वाहतं आणि रक्तात जिरतं. वाट तुंबली की पोकळ्या फुगतात आणि मेंदू आतून दाबला जातो. बाळाचं डोकं मोठं होऊ लागतं.

एकदा औरादकडचं एक बाळ अशाच शंकेवरून आमच्याकडे धाडलेलं होतं. डोकं खरंच मोठं होतं. आई रडत होती. आजीला मात्र राग आला होता.

“आमच्या घराण्यात डोस्की मोठीच असत्यात,” ती म्हणाली. “ह्याच्या आज्याचं बघा की. ओ, काडा तो रुमाल.”

कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याने निमूटपणे रुमाल काढला. आमच्याकडे डोक्याला गुंडाळायच्या पटक्याला रुमाल म्हणतात. मी बाळाच्या टाळूवर दांडी ठेवली. पोकळ्या अगदी जागच्या जागी, मापात होत्या. मग म्हाताऱ्याच्या डोक्याकडे बघितलं. आजीचं म्हणणं बरोबर होतं. डॉक्टरांनी कागदावर ‘घराण्याचं डोकं’ असं काही लिहिलं नाही, पण अर्थ तोच.

आता मोठ्या माणसांकडे येतो. डोक्याला जबर मार लागला की मेंदू सुजतो आणि कवटीत त्याला जागा पुरत नाही. अशा वेळी सर्जन कवटीचा एका बाजूचा तुकडा काढून ठेवतात, म्हणजे सुजेला वाव मिळतो. काढलेला तुकडा पुढे परत बसवायचा असतो. तो टिकावा म्हणून त्याच रोग्याच्या पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवायचे. हे ऐकून नातेवाइकांचे चेहरे पाहण्यासारखे होत.

शस्त्रक्रियेतून वाचलेल्या काही जणांच्या डोक्यात दोन-तीन आठवड्यांनी पाणी तुंबू लागतं. सुधारत चाललेला माणूस पुन्हा सुस्त होतो. पण सुस्तीची कारणं अनेक. मेंदूच कायमचा बिघडला असेल, तर करण्यासारखं काही नसतं. पाणी तुंबलं असेल, तर नळी घालून ते काढता येतं आणि माणूस उठून बसू शकतो. यातलं कोणतं, ते सांगणारं स्कॅनचं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं. त्यासाठी हैदराबादेला जावं लागे. चिंचोळीच्या एका शाळामास्तरांना असंच गाडीत घालून पाठवलं होतं. जहिराबाद ओलांडल्यावर ते वाटेतच गेले. स्कॅन झालंच नाही.

ती बातमी आली त्याच आठवड्यात आमच्या सर्जनसाहेबांनी मला बोलावलं. ते धारवाडकडचे, मेंदूच्या शस्त्रक्रिया मद्रासेत शिकलेले, बोलत फक्त कन्नड. मी इथे मराठीत देतो.

“बाळाच्या टाळूतून दिसतं ना?”

“दिसतं, सर.”

“मग मी हाड काढलंय तिथून का दिसू नये? तिथे फक्त कातडीच आहे.”

मी बघतो म्हणालो. त्यांच्याही वाचनात असं काही आलेलं होतं, पण आमच्या भागात तोवर कुणी केलेलं मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी यंत्र ढकलत अतिदक्षता विभागात नेलं. कातडीवर पातळ पॅराफिन लावलं आणि दांडी टेकवली. टेकवायची म्हणजे फुलासारखी, कारण खाली हाड नाही, थेट मेंदू आहे. पडद्यावर करड्या रंगात दोन काळ्या फटी दिसल्या. साहेब बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, “रोग्याला हलवावं लागलं नाही.” एवढंच.

तेव्हापासून हाड काढलेल्या रोग्यांच्या मेंदूतल्या पोकळीची रुंदी मोजण्याचं काम माझ्याकडे आलं, दर सोमवारी आणि गुरुवारी. मिलिमीटरमधला आकडा खाटेला टांगलेल्या कागदावर लिहायचा. आकडा स्थिर असला तर ठीक, वाढत चालला तर पाणी. सकाळच्या फेरीत साहेब आधी तो कागद बघत. मी लिहिलेल्या आकड्यावर एवढा मोठा सर्जन विसंबतो, याचा मला अभिमान होता. तो थोडा जास्तच होता, हे आज कळतं.

अडचण एकच होती. यंत्र प्रसूती विभागाचं. तिथल्या डॉक्टर मॅडम शिस्तीच्या. बाहेर बायांची रांग असे, कुणी अफजलपूरहून आलेली, कुणी आळंदहून, उपाशीपोटी, परतीची एसटी गाठायची असलेली. मी यंत्र मागायला गेलो की मॅडम सगळ्यांसमोर म्हणत, “तुझ्या रोग्यांना कुठे गावी जायचंय? माझ्या बायांना जायचंय.” रांगेतल्या बाया हसत. मी खाली मान घालून उभा राहत असे.

महादप्पा आमच्याकडे आले तेव्हा हे काम सुरू होऊन वर्ष झालं असेल. अफजलपूरजवळच्या एका खेड्यातले, बसवण्णांना मानणाऱ्या घरातले, वय पंचेचाळीसच्या आसपास. उसाच्या ट्रॉलीवरून पडले होते. साहेबांनी उजव्या बाजूचं हाड काढलं. सोबत बायको गौरम्मा आणि धाकटा भाऊ संगप्पा. त्यांच्या घरात निम्मं बोलणं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये चाले.

तुकडा पोटात ठेवल्याचं सांगितलं तेव्हा संगप्पा म्हणाला, “डोस्क्याचं हाड पोटात ठिवलासा. उद्या पोटाचं काय काडलासा तर कुटं ठिवणार? पायात?”

गौरम्मा त्याच्यावर डाफरल्या, “गप की रे. तुजं तर रिकामंच हाय, तुज्याच डोस्क्यात ठिवतील.”

दहाव्या दिवशी महादप्पांनी डोळे उघडले. बाराव्या दिवशी बायकोला नावाने हाक मारली. तोवर टाके निघाले होते. गौरम्मांनी एस्तरअक्कांना विचारलं, “अक्का, रुमाल बांधू का ह्येंच्या डोस्क्याला? बोडक्या डोस्क्यानं कुणापुडं बसले न्हाईत कवा. मोटे डाक्टर येत्यात तवा लाज वाटतीय मला.”

अक्कांनी थोडा विचार केला. हलका, सैल, स्वच्छ कापडाचा आणि फक्त फेरीच्या वेळेपुरता, असं सांगून परवानगी दिली. गौरम्मांनी नवा रुमाल फाडून पट्टी केली. बरोबर दोन वेढे आणि कानामागे गाठ. सकाळी साहेबांची फेरी यायच्या आधी ती बांधायची, फेरी गेली की सोडायची. साहेबांनाही ते आवडलं असावं, ते त्यावर कधी काही बोलले नाहीत.

माझा आकडा अकरा-बारावर स्थिर होता. पण तिसऱ्या आठवड्यात महादप्पा सुस्तावले. हाक मारली तर डोळे उघडत, पुन्हा मिटत. भरवलेला घास तोंडात तसाच राही. सोमवारी मोजलं, बारा.

गुरुवारी मी प्रसूती विभागाच्या दारापर्यंत गेलो. आत रांग होती. सोमवारी मॅडमनी जरा कडकच बोलून घेतलं होतं. मी दारात थोडा वेळ उभा राहिलो आणि परत फिरलो. अतिदक्षता विभागात आलो, महादप्पांच्या खाटेचा कागद घेतला आणि लिहिलं, बारा. तीन आठवडे आकडा हलला नव्हता, आज कशाला हलेल, असं मनाशी म्हटलं. कुणाला फसवतोय असं त्या क्षणी वाटलं नाही. एक रिकामी चौकट भरल्यासारखं वाटलं.

शुक्रवारच्या फेरीत साहेबांनी कागद बघितला. डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, नाडी बघितली. रुमाल बांधलेला होता. आकडा जागेवर होता, त्यामुळे रुमाल सोडून खालची जागा कुणी बघितली नाही. बाहेर येऊन साहेब संगप्पाला म्हणाले, “पाणी वाढलेलं नाही. म्हणजे मेंदूलाच मार बसलाय. आता यापुढे फारशी आशा नाही.”

संगप्पाने घरच्यांशी बोलून ठरवलं की भावाला गावी न्यायचं. जे व्हायचं ते घरी. शनिवारी दुपारी जीप येणार होती.

शनिवारी सकाळी मी क्ष-किरण विभागात होतो. एस्तरअक्का स्वतः आल्या. त्या कधी विभाग सोडून यायच्या नाहीत, म्हणून मी उठून उभा राहिलो.

“चल,” त्या म्हणाल्या.

खाटेजवळ दीर-भावजयीत वाद चालला होता.

“रुमाल पुरंना झालाय,” गौरम्मा म्हणत होत्या. “रोज दोन येढं बसत व्हतं. काल गाट कशीबशी बसली. आज बसंचना.”

“तू बांदायलीसच तसं. वडून बांद की.”

“कसं वडू? हाड न्हाई तितं! आन् कापड काय आटलं व्हय?”

अक्कांनी पट्टी हातात घेतली, वेढा सोडला आणि मला म्हणाल्या, “हात लाव.”

मी हाड नसलेल्या जागी बोटं टेकवली. पूर्वी तिथे कातडी आत गेलेली, वाटीसारखी असायची. आता ती वर आली होती, ताठ. घट्ट फुगवलेल्या चेंडूसारखी लागली.

अक्का मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “गुरुवारी मी ड्युटीवर होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तू मशीन आणलासच न्हाईस. आकडा कुठून आला?”

उत्तराची वाट न बघता त्यांनी घड्याळ बघितलं.

“जीप दोन वाजता येतीय,” त्या म्हणाल्या. “जा.”

प्रसूती विभागात नेहमीसारखीच रांग होती. मॅडमनी मान वर केली आणि त्यांचं नेहमीचं वाक्य सुरू केलं. मी म्हणालो, “मॅडम, गुरुवारी मी न मोजता आकडा लिहिलाय. त्या आकड्यावर माणूस घरी निघालाय.” रांगेतल्या बाया या वेळी हसल्या नाहीत. मॅडमनी स्वतः यंत्राची वायर भिंतीतून काढली.

पडद्यावर त्या दोन फटी राहिल्या नव्हत्या. दोन काळे तलाव दिसत होते. मी तीनदा मोजलं. बावीस.

साहेब आले. त्यांनी पडदा बघितला, कागद बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“गुरुवारी बारा, आज बावीस? दोन दिवसांत दहा? हे साधं पाणी नव्हे. आत ताजा रक्तस्राव झाला असणार, नाहीतर पू. अशात मी इथे नळी घालणार नाही. हैदराबादेला पाठवा.”

मला चिंचोळीचे मास्तर आठवले. शेजारी अक्का उभ्या होत्या. त्या सांगू शकत होत्या, पण बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. त्या पट्टीची घडी घालत होत्या. मला वाटतं, त्यांनी मला जे काही शिकवलं ते त्या अर्ध्या मिनिटात. सांगायचं होतं ते मीच सांगायचं होतं.

“सर, दोन नाही, पाच दिवस,” मी म्हणालो. “सोमवारचे बारा खरे. गुरुवारचे बारा मी मोजलेले नाहीत. अंदाजाने लिहिले.”

साहेब ओरडले नाहीत. “पाच दिवस,” असं स्वतःशीच पुटपुटले. “ताप नाही. मग सावकाश तुंबलंय.” मग अक्कांना म्हणाले, “आधी थोडं पाणी काढून रंग बघू. स्वच्छ असलं तर नळी इथेच.” जाताना मला म्हणाले, “तू सांगितलंस ते लेखी दे. आजच.”

पाणी स्वच्छ निघालं. जीप परत गेली. चार दिवसांनी साहेबांनी कायमची नळी घातली. ती मेंदूतून निघून कातडीखालून मानेवरून, छातीवरून पोटात सोडतात. तिथे पाणी जिरतं. आठवड्याभरात महादप्पा उशीला टेकून बसू लागले आणि अंबाडीची भाजी मागू लागले. गौरम्मा सगळ्या वॉर्डाला सांगत, “आमच्या मालकाचं समदं पोटातच चाललंय. हाड बी पोटात, डोस्क्याचं पाणी बी पोटात. आता जेवायला जागा कुटं ऱ्हायली, तरी मागायलेत!”

मी त्यांना खरं सांगायला गेलो होतो. गुरुवारचं सगळं सांगितलं. त्या मग म्हणाल्या, “अण्णा, आमी बी रुमाल बांदून झाकलंच की.” माझी चूक आणि त्यांची चूक एका मापाची नव्हती. पण त्यांनी ती तशी मांडली आणि मी ऐकून घेतलं.

माझ्या लेखी कबुलीवर मला ताकीद मिळाली, ती सेवापुस्तिकेत नोंदली गेली. मोजमापाचं काम काढून घेतील असं वाटलं होतं. साहेबांनी काढलं नाही. फक्त कागद बदलला. आकड्यापुढे वेळ आणि सही आली. आणि अक्कांच्या सांगण्यावरून एक नियम झाला: मोजलं नसेल तर ‘मोजलं नाही’ असं लिहायचं. पुढच्या वर्षांत मी ते दोन शब्द बऱ्याचदा लिहिले. मॅडमचं बोलणं ऐकण्यापेक्षा ते लिहिणं सोपं होतं, हे आधी कळलं नव्हतं. पुढे स्कॅनची यंत्रं जवळ आली, सोनोग्राफीचीही लहान झाली, आणि हे काम शिकलेले डॉक्टर करू लागले. ते योग्यच झालं.

एस्तरअक्का निवृत्त होऊन हुमनाबादला गेल्या. त्यांच्या निरोपाला मी भाषण केलं नाही, करता आलं नसतं. वर्षभराने त्यांना एक पत्र पाठवलं. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे. अक्का आता नाहीत, म्हणून ती इथे देतो. माझ्या बऱ्या कामाविषयी वर लिहिलेलं वाचून वाचकांचा माझ्याविषयी गैरसमज होऊ नये, एवढाच हेतू.

आदरणीय अक्का,

सप्रेम जयभीम.

तुम्ही मला एका गुरुवाराबद्दल विचारलं होतं. तो पहिला नव्हता, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

महादप्पांच्या तीन महिने आधी चार नंबरच्या खाटेवर आळंदच्या बाजारातले एक हमाल होते. तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवरून पडलेले. तुम्हाला आठवतील. त्यांची बायको रोज खाटेखाली बसून असायची. त्यांच्या कागदावरचे शेवटचे तीन आकडे मी मोजलेले नव्हते. ‘सुधारणा नाही’ म्हणून त्यांना घरी नेलं, आणि महिन्याच्या आत ते गेले, असं नंतर कळलं. त्यांच्या डोक्यात पाणी होतं की नव्हतं, मला माहीत नाही. आता कुणालाच कळायची सोय नाही.

मागच्या रविवारी मी आळंदला जाऊन आलो. घर शोधायला वेळ लागला नाही. बाई घरीच होत्या, जोंधळा निवडत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. “मशीनवाले अण्णा,” म्हणाल्या, आणि बसायला पोतं टाकलं. मी सगळं सांगितलं. कोणते तीन दिवस, तेही सांगितलं.

त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हातातलं सूप खाली ठेवून म्हणाल्या, “व्हय. तीन बार तुमी मशीन आणला न्हाईसा. ध्येनात हाय माज्या. मला वाटलं, आता गरज न्हाई, बरं व्हायलेत म्हणून आणिना झालेत. मी तवा घरी सांगावा धाडला व्हता, बरं व्हायलेत म्हणून.”

हे तुम्हाला कळवायचं होतं.

तुमचा,
लक्ष्मण